नकाराची शिदोरी

दलित साहित्याच्या समीक्षेने मराठीला दिलेला सर्वांत वजनदार शब्द कोणता, असे मला कुणी विचारले तर मी 'नकार' असे सांगेन. वेदना, विद्रोह, नकार ही तीन नावे आता इतकी रुळली आहेत की बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दहा गुणांच्या प्रश्नात ती डोळे मिटून लिहून टाकतो. मी मुरबाडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दरवर्षी अशा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतो. मुले मजकूर बरोबर लिहितात, मी गुण देतो, आणि कुणालाच कसली अडचण येत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र आली. दलित कवितेतील नकार शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक कातकरी मुलगा उभा राहिला. (आमच्याकडे कातकरी मुलगा पदवीच्या वर्गापर्यंत पोचणे हीच एक घटना असते.) तो म्हणाला, "सर, नकार दिला तर आखाडात खायचं काय?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या समीक्षेजवळही नाही, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे. नकार हा आपण कवीच्या मनोवृत्तीचा, भाषेचा, फार तर संस्कृतीचा विषय मानला. एखाद्याला 'नाही' म्हणता यावे म्हणून त्याच्या घरात काय असावे लागते, हा प्रश्न आपण समीक्षेत आणलाच नाही. तो अर्थशास्त्राचा आणि रोजगार धोरणाचा प्रश्न आहे असे समजून दुसऱ्या विभागाकडे ढकलून दिला. तो तिकडून उचलून साहित्याच्या दारात आणून ठेवणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मुरबाड-शहापूरचा आषाढ ज्याने पाहिला नाही त्याला त्या मुलाच्या प्रश्नाची धार कळायची नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला एकदा झड लागली की ती आठ-आठ दिवस उघडत नाही. (मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात याच पावसावर भरतात आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) भाताच्या आवणीचे दिवस तीन-चार आठवड्यांचे. तेवढे दिवस रोज मिळतो. आवणी आटोपली की कापणी येईपर्यंत हाताला काम नाही. ज्यांची एक-दोन एकर खाचरे आहेत त्यांच्या कणगीत मागल्या वर्षीचे थोडेफार भात असते. कातकऱ्याकडे कणगीच नसते. एकेकाळी खैराचा काथ पाडणारी, पुढे कोळसा पाडणारी ही जमात. जंगल सरकारचे झाले, काथ गेला, कोळसाही गेला, आणि माणसे तेवढी उरली. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमातींची नोंद सरकारदरबारी सर्वाधिक असुरक्षित म्हणून आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

नेमक्या याच दिवसांत वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो. तो येतो तेव्हा भट्टी चालू नसते, चिखल पाडायला अजून चार महिने असतात. त्याला कामाची घाई नसून माणूस बांधून ठेवण्याची घाई असते. तो हातावर रोख पैसे ठेवतो. या पैशांना 'उचल' म्हणतात. मूल आजारी असते, घरात पीठ नसते, छपरावर घालायला प्लॅस्टिक नसते. उचल घेतली जाते. दिवाळी झाली की नवरा, बायको, पोरे, कोंबड्यांसकट सारे बिऱ्हाड टेंपोत बसून भिवंडी, कल्याण, टिटवाळ्याकडच्या भट्ट्यांवर जाते. तिथे नवरा-बायकोची 'जोडी' धरून हजार विटांमागे दर ठरतो. बाईच्या मजुरीची वेगळी नोंद नाही, पोरांच्या हातांची तर नाहीच. आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळते, तीही हिशेबात मांडली जाते. आणि हिशेब असतो शेठच्या वहीत. पावसाच्या तोंडावर वही उघडते तेव्हा बहुतेक वेळा जोडीच्या अंगावर बाकी निघते. पुढच्या आषाढात त्या बाकीवर नवी उचल चढते.

हे सारे बेकायदा आहे, आणि आजचे नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा ठरवला. १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले, ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही उचल चालूच आहे. कायद्याने कर्ज रद्द करता येते, आषाढ रद्द करता येत नाही.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. 'उचलणे' या एकाच क्रियापदापासून मराठीत दोन शब्द आले: 'उचल' आणि 'उचल्या'. दुसरा शब्द लक्ष्मण गायकवाडांच्या १९८७ च्या आत्मकथनाने साहित्यात आणला. पोटासाठी दुसऱ्याची वस्तू उचलणाऱ्याला समाजाने नाव दिले, जात दिली, पोलीस ठाण्यात हजेरी लावली. चार हजार, दहा हजार रुपयांत अख्ख्या कुटुंबाचे आठ महिने उचलून नेणाऱ्याला मात्र आपली भाषा 'शेठ' म्हणते.

आता आपल्या समीक्षेकडे येतो. १९७२ हे साल तिच्यात फार मानाचे आहे, आणि ते योग्यच आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला आणि महाराष्ट्राची झोप उडाली. आम्ही प्राध्यापक मंडळी या तीन गोष्टी एका दमात सांगतो. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती वाहत होती, आणि त्याच वर्षी रोजगार हमी योजना सुरू झाली, हे आमच्या व्याख्यानात कधी येत नाही. त्या ५० लाखांत महार, मांग, चांभार, भिल्ल, ठाकर किती असतील याचा विचार करा. 'गोलपिठा' वाचणाऱ्यांच्या आया त्या वेळी कुठे होत्या?

माझी आजी पारनेर तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर होती. आमचे मूळ गाव तिकडचे. माळशेज घाट उतरून मी नोकरीसाठी इकडे आलो. आजी त्या कामाविषयी फारसे चांगले बोलत नसे. मिलोच्या लाल भाकरीला चव नव्हती, सुकडी पोरांना पुरत नसे, मुकादम मापात मारायचा, आणि आमच्या लोकांसाठी पाण्याचा माठ वेगळा असायचा. दुष्काळाने विहिरी आटल्या, माठ काही एक झाले नाहीत. पण एक गोष्ट ती हसून सांगायची. त्या वर्षी पाटलाच्या वाड्यावरून सरपण फोडायला बोलावणे आले आणि आजोबा गेले नाहीत. सरकारी कामावर हजेरी आहे, असा निरोप त्यांनी पाठवला. यापूर्वी असे कधी घडले नव्हते. आजोबांनी कविता वाचली नव्हती, पँथरचे नावही त्यांच्या कानावर पोचले नव्हते. त्यांच्याजवळ आठवड्याचा पगार होता आणि तो वाड्यातून आलेला नव्हता. आमच्या घरातला पहिला नकार तो.

बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास या नजरेने पुन्हा वाचून पाहावा. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये मृत जनावरे ओढण्याची, मृतमांस खाण्याची, गावकीची हीन कामे टाकून देण्याची हाक दिली गेली. गावोगाव महारांनी कामे टाकली आणि गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार पडला. दुकानदाराने मीठ देणे बंद केले, शेतावर पाय ठेवू दिला नाही. हा बहिष्कार ज्या घरांनी सोसला त्यांतल्या कितीतरी घरांतला एक माणूस मुंबईत गिरणीत, गोदीत, रेल्वेत होता, नाहीतर पलटणीची पेन्शन खात होता. मनीऑर्डर येत होती म्हणून मान ताठ राहिली. मुंबईतही सगळी दारे उघडी नव्हती. गिरणीच्या विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. त्याला कमी पगाराच्या सूतकताई खात्यात राहावे लागले. तरी त्या कमी पगाराने कोकणातल्या आणि घाटावरच्या महारवाड्यांत नकाराला शिदोरी पुरवली. हे म्हटल्याने महाडच्या संगराचे तेज कमी होत नाही. ज्यांच्याकडे मनीऑर्डर येत नव्हती आणि तरीही ज्यांनी कामे टाकली, त्यांचे धैर्य उलट जास्तच उठून दिसते.

महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले ते याच समजुतीतून. वतन म्हणजे थोडी जमीन आणि थोडे बलुते देऊन आठ प्रहर राबवून घेण्याची सोय. आजच्या शब्दांत सांगायचे तर पिढ्यान्पिढ्यांची उचल. ती फिटत नव्हती आणि नाकारताही येत नव्हती. हीन गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

पुढे १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाच्या चौकटीतून गेल्याशिवाय संप करायचा नाही, असा त्याचा रोख होता. स्वतंत्र मजूर पक्षाने त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. विधेयकावरच्या चर्चेत बाबासाहेबांनी मांडलेला विचार आपल्या विषयाचा गाभा आहे. संपाचा हक्क म्हणजे आपले श्रम कोणत्या अटींवर द्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य. ते काढून घेतले की मजूर गुलाम होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे त्यांच्या दृष्टीने काम न करण्याचा हक्क हाच स्वातंत्र्याचा पाया. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे हा त्यांचा १९३६ चा सिद्धांत आपण सारे सांगतो. त्याला या १९३८ च्या युक्तिवादाशेजारी ठेवून आपण वाचत नाही. जन्माने लादलेले काम नाकारणे आणि भुकेने लादलेले काम नाकारणे यांत त्यांनी भिंत घातली नव्हती, ती आपण घातली. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आणि समेटाची बोलणी चालू असताना संपबंदी हे बंधन सर्वच औद्योगिक आस्थापनांना घातले आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांना १९३८ चे ते भाषण वाचायला देण्याची वेळ आली आहे.)

या कथेचा एक धागा थेट आमच्या जिल्ह्यात येतो. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आलेले शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले आणि गोदावरीबाईंबरोबर ठाण्याच्या जंगलात गेले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव भागातले वारली आले, आणि त्याच वर्षी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा उठाव सुरू झाला. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघे जन्माचे गडी, ही ती पद्धत. शेठच्या वहीतली 'जोडी' कुठून आली ते यावरून कळावे. ऑक्टोबरात, गवतकापणीच्या ऐन हंगामात, ५०० पौंड गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलणार नाही, असे वारल्यांनी ठरवले. तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण पडले. संप टिकला. हंगाम हे मालकाच्या घाईचे दिवस असतात, तेवढ्याच काळात मजुराच्या 'नाही'ला किंमत येते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते. परिषद जिथे भरली त्या टिटवाळ्याच्या आसपासच आज कातकऱ्यांच्या जोड्या विटा थापतात, ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले खिडकीबाहेर पाहतात.

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आले. आपल्या समीक्षेने त्याचे काय केले? चळवळीची आठवण म्हणून त्याला बाजूच्या फळीवर ठेवले. लेखिका बाहेरची, ब्राह्मण घरातली. तेव्हा ते दलित साहित्य नव्हे, एवढे सांगून आपण मोकळे झालो. अनुभवाच्या अस्सलपणाचा आपला आग्रह मला मान्य आहे, त्या आग्रहाशिवाय आपण उभेच राहिलो नसतो. पण त्या पुस्तकात एक गोष्ट आहे जी आपल्या बऱ्याच आत्मकथनांत विरळ आहे: माणसे काम नाकारायला कशी शिकतात, त्याची पायरीपायरीने केलेली नोंद. आपली आत्मकथने लादलेल्या कामाचे वर्णन अतोनात ताकदीने करतात. दया पवारांच्या 'बलुतं'चे (१९७८) नावच एका श्रमसंबंधाचे नाव आहे. पण गाव आणि कावाखाना यांच्या दरम्यान नायकाची सुटका होते ती शाळेतून, शिक्षणातून, पुढे नोकरीतून. एकट्याची सुटका. माझीही तशीच झाली. जे मागे राहिले त्यांनी काम कसे नाकारावे, याला आमच्या आत्मकथनांत उत्तर नाही, कारण लिहिणारा तिथून निघून आलेला असतो. हा दोष लेखकांचा आहे असे मी म्हणत नाही. त्या वाटेला 'मुक्ती' असे सरसकट नाव देणारी समीक्षा मात्र आळशी आहे.

आणि कातकरी आपले कोण, असे ज्यांना वाटते त्यांनी पँथरचा १९७३ चा जाहीरनामा काढून पाहावा. त्यातल्या 'दलित' शब्दाच्या व्याख्येत अनुसूचित जातींबरोबर अनुसूचित जमाती आहेत, कामगार आहेत, भूमिहीन आहेत, गरीब शेतकरी आहेत, स्त्रिया आहेत. आज रोजगाराविषयी आपली परिसंवादांतली चर्चा ऐकली तर ती व्याख्या अनुशेषाच्या आकड्यांपर्यंत आटलेली दिसते. शासनाने ६ सप्टेंबर २०२३ रोजी खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला तेव्हा आपण रस्त्यावर आलो, माझे विद्यार्थीही आले, आणि त्या ऑक्टोबरात निर्णय मागे घ्यावा लागला. ते योग्यच झाले. राखीव जागा कंत्राटात विरघळून जाणार होत्या. पण भट्टीवरच्या जोडीसाठी आपण शेवटचा मोर्चा कधी काढला, हे मला आठवत नाही.

आता हमीकडे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ज्या प्रयोगाची सुरुवात केली तो १९७२ मध्ये राज्याची योजना झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, १५ दिवसांत. न दिल्यास बेकारी भत्ता, निदान रोज एक रुपया. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण तो राज्याच्या ऐपतीपुरता आणि न्यायालयात मागता न येणारा. महाराष्ट्राने तो कायद्यात आणला, हे मोठेच काम झाले. ते कमी लेखणारा मी कोण? माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो कर १९७५ मध्ये याच योजनेच्या पैशांसाठी बसवला गेला. शिक्षकांच्या खोलीत त्या कपातीवरून दरवर्षी कुरकुर होते. मी गप्प राहतो. आजोबांच्या नकाराचे ते देणे आहे असे मला वाटते.

पण हमी कुणाची आणि कुणासाठी, हा वाद पहिल्या दिवसापासून आहे. बागाईतदारांनी योजनेला विरोध केला नाही, कारण तिच्यातून तळी, रस्ते, बांध झाले आणि त्यांचा मोठा लाभ जमीनवाल्यांना मिळाला. मजूर मात्र शेतीच्या हंगामात खेचला जाऊ नये, याची काळजी योजनेच्या आखणीतच घेतली होती. हमी मजुराला जगवील, पण मालकाच्या दारातून फार लांब जाऊ देणार नाही, असा तो बेत होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला १०० दिवसांचा हक्क देशभर नेला. मजुरीचे काय झाले? १ जानेवारी २००९ पासून केंद्राने या कामाचा दर शेतमजुरीच्या किमान वेतनापासून तोडला. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला दर होता रोजचे ३१२ रुपये.

येथे सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आठवावा. दिल्लीत एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. न्यायमूर्ती भगवतींनी त्यात 'सक्ती' या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. चाबूक आणि कुलूप म्हणजेच सक्ती असे नाही. भुकेमुळे ज्याला दुसरा मार्ग राहिलेला नाही तोही सक्तीनेच काम करतो, आणि किमान वेतनाहून कमी दराने घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली वेठ आहे, असा तो निर्णय. आपल्याकडे एवढी भेदक समीक्षा साहित्यावर क्वचितच लिहिली गेली असेल. मराठी विभागांनी तो निकाल अभ्यासाला लावायला हरकत नाही. 'नकार' कधी शक्य नसतो, याची इतकी नेमकी व्याख्या दुसरीकडे मिळणार नाही.

तर मग आमच्या भागात हमी असताना उचल का हरली नाही? माझे म्हणणे असे की दोघांची गाठ वेळेवर पडते, आणि वेळेच्या बाबतीत मुकादम सरकारच्या पुढे असतो. हमीचे काम मागा, १५ दिवस थांबा, काम करा, मग मजुरी बँकेत येण्याची वाट पाहा. जानेवारी २०२३ पासून बहुतेक कामांवर मोबाईलवर दिवसातून दोनदा हजेरीचे फोटो आले, १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच मजुरी, असा नियम आला. माळशेजच्या पायथ्याला ज्या वाडीत रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते, तिथे या हजेरीचे काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय ही कामे मातीची, आणि पावसात मातीचे काम निघत नाही. म्हणजे ज्या महिन्यात घर उपाशी त्याच महिन्यात हमी मिटलेली. मुकादमाला अर्ज लागत नाही, आधार लागत नाही. तो चिखल तुडवत दारात येतो आणि नोटा मोजून देतो. त्याने आपल्या लोकांचे पंचांग आपल्या समाजशास्त्रज्ञांपेक्षा जास्त नीट वाचले आहे.

हे पंचांग आणखी एका माणसाने वाचले होते. भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. दरवर्षी तिथे मानवंदना होते, भाषणे होतात, बंदूक आणि विजेचे मनोरे यांच्या कथा सांगितल्या जातात. बेचाळीसच्या आधी याच कोतवालांनी कर्जतकडच्या शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठ्या उघडल्या होत्या. पावसाळ्यात कोठीतून धान्य घ्यायचे, पीक आल्यावर परत भरायचे, सावकाराच्या पायरीवर जायचे नाही. मला त्यांच्या बंदुकीइतकीच ती कोठी क्रांतिकारक वाटते. राज्याच्या आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज हे त्याच भुकेवरचे सरकारी उत्तर होते. ते मध्ये बंद पडले, २०२० मध्ये कोविडच्या संकटात त्याचे अनुदान झाले, कुटुंबाला एकदाच ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. एका वर्षापुरते. उचल दरवर्षी येते.

आणि आता नवी गोष्ट. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, याचा गवगवा झाला. त्याच कायद्यात पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात वर्षाला ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. ती कोणते दिवस, हे राज्यांनी जाहीर करायचे. कारण असे दिले जाते की शेतीला मजूर मिळत नाहीत.

या कारणाला मी तुच्छतेने उडवून लावणार नाही. आमच्या भागात आवणीसाठी माणूस शोधत फिरणारा कुणबी, आगरी किंवा महादेव कोळी हा काही जमीनदार नाही. त्याची दोन एकर खाचरे आहेत आणि भाताच्या भावात मजुरी निघत नाही. त्याचे दुखणे खरे आहे. पण त्यावर औषध भाताच्या भावात शोधायला हवे. मजुराच्या हातातला पर्याय काढून घेऊन त्याला स्वस्त करणे, याला मी औषध म्हणणार नाही. 'हमीने माणूस आळशी झाला' असे म्हणणाऱ्यांनी तर एकदा भट्टीवर पहाटे तीनला उठून पाहावे. १९४५ च्या ऑक्टोबरात वारल्यांनी विळा खाली ठेवला तो ऐन हंगामात. 'नाही' म्हणण्याची ताकद वर्षातल्या ज्या थोड्या दिवसांत असते तेच दिवस हमीतून वगळायचे, आणि उरलेल्या दिवसांत, जेव्हा मालकालाच माणूस नको असतो, तेव्हा हमी द्यायची. १२५ दिवसांच्या हिशेबात २५ दिवस वाढले. त्यातून काय वजा झाले ते आकड्यात दिसत नाही.

उद्याची मागणी काय असावी, हे संघटनांनी ठरवावे. मी मराठीचा शिक्षक आहे. मला एवढे दिसते की पावसाळ्यात छपराखाली करता येतील अशी कामे, मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, वाडीवर धान्यकोठी, २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या जमिनीचा ताबा, आणि जोडीऐवजी बाईच्या नावाने वेगळी मजुरी, या गोष्टी मुकादमाला जेवढ्या झोंबतील तेवढी आमची एकही कविता झोंबणार नाही. कविता नको असे मी म्हणतो आहे, असा कृपया अर्थ काढू नये.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर बोलावून घेतले आणि 'नकार' या विषयावर अंतर्गत परीक्षेचा निबंध लिहायला सांगितले. त्याने दोन पाने लिहून आणली. पहिल्या पानावर त्याच्या वाडीतल्या घरांची यादी होती आणि प्रत्येकापुढे महिना: उचल कोणत्या महिन्यात घेतली, किती घेतली, कशासाठी घेतली. औषध, लग्न, पत्रे, औषध, किराणा, मयत, औषध. दुसऱ्या पानावर त्याने एकाच घराविषयी लिहिले होते. त्या घराने गेल्या वर्षी उचल घेतली नाही, कारण थोरली मुलगी शहापूरकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली आणि तिचा पगार श्रावणात आला. मुकादम दोनदा येऊन परत गेला. त्याच्या तोंडाकडे कुणी पाहिले नाही, एवढे एक वाक्य लिहून त्याने निबंध संपवला होता.

दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही. हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे अजून गैरहजर असे लिहिलेले नाही.